पाटी वर

आमच्या बिल्डिंगमध्ये माणसं नाहीशी व्हायची. मुलुंड पूर्वेची तीन मजली, बिनलिफ्टची, अगदी साधीसुधी सोसायटी. पण अधूनमधून एखादा माणूस जिन्यात शिरताना दिसायचा आणि बाहेर पडताना काही दिसायचा नाही. एकदा गॅस सिलिंडरवाला असाच वर गेला आणि खाली हातगाडीवर अकरा सिलिंडर दुपारभर उन्हात वाट बघत बसले. वीजमीटर वाचणारा एक जण गेला, तो परत आला तेव्हा त्याची बदली होऊन चार महिने झाले होते. पोलिओच्या डोसवाल्या बाई वर गेल्या आणि त्या खाली उतरेपर्यंत तळमजल्यावरचं बाळ चौथीत गेलं. ही सगळी माणसं शेवटी एकाच ठिकाणी सापडायची: तिसऱ्या मजल्यावर, परबकाकांच्या सोफ्यात. समोर टीव्ही, टीव्हीवर धरण, आणि धरणाशेजारी हातात फूटपट्टी घेऊन काका.

मी त्यांच्या बरोब्बर समोरच्या दारात राहत होतो. माझे हाल काय झाले असतील ते तुम्हीच ठरवा.

सोफ्यात म्हटलं ते उगाच नाही. त्या सोफ्याच्या स्प्रिंगा केव्हाच लाद्यांना टेकल्या होत्या. माणूस बसला की त्याचे गुडघे कानांच्या वर जायचे आणि त्याला बाहेर काढायला क्रेन नाही तरी दोन धडधाकट माणसं लागायची. शिवाय दाराला एक कडी होती. ती आधी अर्धी वर, मग डावीकडे आणि मग जरा आत ढकलून उघडायची. ही विद्या त्या घरात दोघांनाच येत होती. काका म्हणायचे, कडी सुरक्षिततेसाठी आहे. कोणाच्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

"बसा बर्वे, पाच मिनिटं. नुसता विजापूर."

नुसता विजापूर म्हणजे एकशे अठ्ठावीस फोटो. आणि एकशे अठ्ठावीस पाट्या. पाट्यांचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्टच पाट्यांची आहे.

काका कांजूरमार्गच्या एका अवजारांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं स्टोअरकीपर होते. तिथे म्हणे दोन लाख नटबोल्ट होते आणि त्यातला प्रत्येक काकांना नावाने ओळखायचा. हा आकडा माझा आहे. काकांनी तो ऐकला असता तर लगेच एक लाख केला असता. माझ्या बोलण्यासाठी त्यांनी एक कायमचा नियम करून टाकला होता: "बर्वेंच्या आकड्याला दोनाने भागायचं." नुसतं म्हणायचे नाहीत, लिहितानाही भागायचे. मी म्हटलं, चढताना चारशे पायऱ्या होत्या, की त्यांच्या सहलींच्या रजिस्टरात नोंद पडायची: पायऱ्या दोनशे.

कारखान्यातून ते दोन गोष्टी घेऊन निवृत्त झाले. एक म्हणजे त्यांचं वाक्य: "नोंद नाही तर वस्तू नाही." चष्मा सापडला नाही तरी हेच, सोसायटीच्या सभेत मी पंख्याची तक्रार केली तरी हेच. दुसरी गोष्ट म्हणजे स्टोअरची शिस्त. माल आत येणार तो उजव्या दाराने, बाहेर जाणार तो डाव्या दाराने. आवक उजवीकडून, जावक डावीकडून. घरातसुद्धा चहाचा कप उजवीकडून यायचा आणि रिकामा डावीकडून जायचा. मधे तुम्ही सोफ्यात रुतलेले असल्यामुळे कप जाताना तुमच्या नाकावरून जायचा.

निवृत्तीनंतर काका-काकू फिरायला लागले. मूलबाळ नव्हतं, हातपाय चालत होते. पहिल्याच सहलीत तीन धरणं पाहून आले आणि घरी फोटो बघताना कळेना, यातलं कुठलं धरण कुठलं. पाणी सारखं, भिंत सारखी, वरचं आभाळही सारखं. काका एकाला भंडारदरा म्हणायचे, काकू त्यालाच राधानगरी. हे भांडण अकरा दिवस चाललं. (भागा दोनाने.) शेवटी काकूंनी फोटोच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"ह्यो बघा लाल टोपीवालो शेंगदाणेवालो. ह्याच्याकडून मी शेंगदाणे घेतलंय. राधानगरीच ती."

काका हादरले. टोपीमुळे नाही, आख्ख्या धरणाची ओळख एका शेंगदाणेवाल्याच्या टोपीवर टांगलेली आहे, याने. दुसऱ्या दिवशी ते स्टेशनजवळच्या दुकानातून शाळकरी पोरांची लाकडी चौकटीची पाटी आणि खडूंची पेटी घेऊन आले, आणि पुढच्याच आठवड्यात राधानगरीला पुन्हा जाऊन क्रमांक एकपासून सुरुवात केली.

तेव्हापासूनची पद्धत अशी. कुठेही गेलं की ठिकाणाचा फोटो काढण्याआधी पाटीचा फोटो. पाटीवर क्रमांक, ठिकाण आणि कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते. पाटी छातीशी धरून उभ्या राहणार काकू. काका ओरडणार, "पाटी वर." काकू पाटी वर करणार, खटका. मग काका म्हणणार, "जावक." काकू डावीकडे सरकून चौकटीबाहेर, आणि मग ठिकाणाचा खरा फोटो, पूर्ण बिनमाणसांचा. माणूस उभा केला की ठिकाण झाकलं जातं, असं त्यांचं मत होतं. घरी आल्यावर सगळं रजिस्टरात: क्रमांक, ठिकाण, दिशा, फोटोत काय दिसतं, आणि एक रकाना "काय दिसत नाही". त्यात "मागे संडास आहे" अशा बारीक अक्षरातल्या नोंदी. एका मंदिरापुढे त्यांनी लिहिलं होतं: "देव दिसत नाही. आत फोटोला मनाई."

काकू करवादायच्या. "माका काय ह्या वयात शाळेत घातलंत?" पण पाटी कधी खाली ठेवली नाही. आणि सुटका करण्याचं खातंही त्यांचंच. सोफ्यात रुतलेल्या माणसाने दुसऱ्यांदा पाणी मागितलं, की ती त्यांची खूण. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "बर्वेभाऊ, तुमच्याकडे कुकरची तिसरी शिट्टी झाली हो." मग त्या स्वतः येऊन कडी काढायच्या, एका हाताने मला सोफ्यातून उपसायच्या आणि हळूच म्हणायच्या, "पळा. आता बदामी लागतली." मी पळायचो. आमचा कुकर चालतच नव्हता त्या काळात, बिघडून पडला होता. काकांनी कधी शंका घेतली नाही. शिट्टीची नोंद थोडीच होती.

काकू सगळ्यांना सोडवायच्या. काकूंना कोण सोडवणार, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. मलाही नाही.

एका वर्षी मी आणि माझी बायको माधवी त्यांच्याबरोबर विजापूरला गेलो. चाळीस माणसांची बस. (बस खरंच चाळिसाची होती, बिल आहे माझ्याकडे.) प्रत्येक थांब्यावर अडतीस माणसं आत बसून घाम पुसायची आणि खाली काका ओरडायचे, "पाटी वर." तिसऱ्या दिवसापर्यंत गाडीतली लहान पोरं जेवतानासुद्धा ताटं वर करायला लागली. आणि मग आला गोल घुमट. वरच्या सज्जात पोचलो, तिथे म्हणे टाचणी पडली तरी पलीकडे ऐकू जाते. सगळे कुजबुजत होते. काकांनी आपला नेहमीचा आवाज लावला.

"पाटी वर."

घुमट म्हणाला, पाटी वर. मग पुन्हा म्हणाला. मग पुन्हा. काकू आधी दचकल्या, मग त्यांना त्यात गंमत सापडली. घुमटाने सांगितलं की पाटी वर, विरलं की खाली, पुन्हा सांगितलं की पुन्हा वर. हसू दाबता दाबता त्यांचा पदर खांद्यावरून घसरला, पाटी वाकडी झाली, आणि त्या सज्जाला टेकून चक्क लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. ते हसणंही घुमटाने ठेवून घेतलं आणि जरा वेळाने परत केलं. तेवढ्यात काकांचा खटका झाला.

"हललात तुम्ही," काका वैतागून म्हणाले. "आकडा नीट आला नसेल."

घरी मी सांगितलं, काका, लिहा, घुमट सात वेळा बोलला. मी मोजलंय. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि रजिस्टरात लिहिलं: "प्रतिध्वनी साडेतीन."

आता माझा पराक्रम.

फोटो वाढत गेले. दर रविवारी मला पकडून बसवायचे, आणि प्रत्येक ठिकाणाआधी एक पाटी. पाटी आली की काका थांबून ती मोठ्याने वाचायचे, रजिस्टरशी ताडून बघायचे आणि मगच पुढे. म्हणजे दोन तासांतला एक तास पाट्यांचा. एके दिवशी त्यांच्या डिस्कने जागा संपल्याचं सांगितलं. काका चिंतेत. मी सोफ्याच्या तळातून वर बघितलं आणि मला मोक्षाचं दार दिसलं.

"काका, पाटीवरचं सगळं रजिस्टरात उतरलंय ना?"

"शंभर टक्के."

"मग पाट्या कशाला ठेवता? माल खात्यावर चढला की चिठ्ठीचं काम संपलं."

इतकं स्टोअरकीपरी बोलणं मी जन्मात केलं नव्हतं. काकांच्या चेहऱ्यावर गुरूला चांगला शिष्य सापडल्याचा आनंद पसरला. त्यांनी तीन रविवार रजिस्टर पाट्यांशी पुन्हा ताडून पाहिलं आणि मग भंगार-नोंद केली. कारखान्यात कुठलीही वस्तू भंगारात काढताना दोन सह्या लागायच्या. "वस्तू: पाट्यांचे फोटो. नग: दोन हजार एकशे चार. कारण: माहिती रजिस्टरात उतरवली, उपयोग उरला नाही." खाली एक सही त्यांची. दुसरी माझी, चांगली लफ्फेदार. बटण मीच दाबलं, आणि कचऱ्याची टोपलीही मीच रिकामी केली, न जाणो उद्या त्यांचा विचार बदलला तर.

काकू चहाचे कप घेऊन उजवीकडून आल्या. पडद्यावर पाट्या एकेक करून पुसल्या जात होत्या.

"म्हणजे पाटीबरोबर मी पण भंगारात गेलंय," त्या हसून म्हणाल्या.

आम्ही तिघंही हसलो. त्यानंतर विजापूर तासाभरात उरकू लागला आणि बिल्डिंगने मला खांद्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं.

चार वर्षं गेली. काकांच्या गुडघ्यांनी सहली बंद पाडल्या, आणि डिस्कवर मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी रजिस्टराच्या पानांचे फोटो भरून ठेवले. एका पावसाळ्यात काकूंना ताप आला आणि आठ दिवसांत काकू गेल्या. यात मी काही वाढवलेलं नाही आणि दोनाने भागूनही काही कमी होत नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी फोटो मोठा करून आणायचा होता. माधवी आणि मी समोर गेलो. काका म्हणाले, दोन हजार फोटो आहेत, हवा तो घ्या. त्यांनी टीव्ही लावला. मी सोफ्यात, माधवी खुर्चीवर, काका फूटपट्टी घेऊन उभे. धरण आलं. घाट आला. मंदिराचं शिखर, किल्ल्याचा दरवाजा, समुद्र, पुन्हा धरण. शंभरेक फोटो झाल्यावर माधवीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण मला तोवर कळलं होतं. काका पुढे जातच होते. त्यांचा वेग वाढत गेला. दोनशे, तीनशे, पाचशे. शेवटी तर ते बघतही नव्हते, नुसतं बटण दाबत होते, एका रिकाम्या ठिकाणाहून दुसऱ्या रिकाम्या ठिकाणी. इतकं स्वच्छ, इतकं बिनमाणसांचं जग मी कधी पाहिलं नाही.

मग त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली.

"ती पाट्यांवर होती, बर्वे," ते म्हणाले.

मला उठून जायचं होतं. गुडघे कानाशी होते, दाराला कडी होती आणि स्वयंपाकघरातून कुणी शिट्टी झाल्याचं सांगणारं नव्हतं.

दहाव्याला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला, खाली नाव: शालन परब. त्यात काकू कुणीतरी ताब्यात घेतल्यासारख्या दिसत होत्या. नातेवाइकांनी लग्नकार्यांतले फोटो पाठवले, त्यांतही त्या पंगतीच्या टोकाला, कुणाच्या तरी खांद्यामागे. मी ती डिस्क घेऊन घाटकोपरला एका माणसाकडे गेलो, पुसलेलं परत काढून देणारा म्हणून त्याचं नाव ऐकलं होतं. त्याने आठवड्याने सांगितलं, साहेब, चार वर्षांत त्या जागेवर दुसरं भरलं गेलंय. तीन फोटो निघाले, तेही वरचे भाग, खाली सगळं करडं. पहिल्यात आभाळ. दुसऱ्यात कमानीचा कळस. तिसऱ्यात काकूंचा भांग आणि कुंकू, आणि तिथून खाली करडं.

मी ते काकांपुढे ठेवले. मग माझी ती भंगार-नोंद त्यांनी फाइलमधून काढली. मला वाटलं, आता फाडून तोंडावर मारतील. बरं वाटलं असतं.

"सह्या दोन आहेत," ते म्हणाले. "तुमची एकट्याची नाही. आणि तेहतीस वर्षं मी माणसांना सांगत आलो, भंगार काढताना वस्तू हातात घेऊन बघा. दोन हजार वेळा ती पाटी धरून समोर उभी राहिली. मी आकडा वाचत होतो."

त्या दिवसापासून काका घरात अडकले. गुडघे गेले होते हे खरं, पण तिसरा मजला हे निमित्त होतं. दूध दारात, भाजी दारात. खिडकीला बांधकामाची हिरवी जाळी लागली, बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार होती. त्या हिरव्या उजेडात माणूस मत्स्यालयात ठेवल्यासारखा दिसायचा. सोफ्यात आता कोणाला बसवत नव्हते. मीच जायचो दर रविवारी आणि आपणहून त्यात रुतायचो. माधवी म्हणाली, शिक्षा भोगायला जातोस का रे? मी म्हटलं, हो.

दोन-तीन महिन्यांनी त्यांनी रजिस्टर पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. शेवटच्या रकान्यात, "काय दिसत नाही" मध्ये, नव्या शाईने लिहायला लागले होते. मी डोकावून बघितलं. क्रमांक एक, राधानगरी. "शालन. चौकटीबाहेर डावीकडे, हाताच्या अंतरावर. शेंगदाणे खाते आहे." क्रमांक दोन. "शालन. डावीकडे. ऊन, पाटी डोक्यावर धरली आहे." क्रमांक तीन. "शालन. डावीकडे. माझ्यावर रागावली आहे, कारण आठवत नाही."

"आवक उजवीकडून, जावक डावीकडून," ते म्हणाले. "प्रत्येक फोटोच्या वेळी ती कुठे होती ते मला नक्की माहीत आहे, बर्वे. शिस्त होती म्हणून."

दोन हजार एकशे चार. रोज पाच-सहा व्हायचे. कधी एकावरच दिवस जायचा, कारण आठवत नसेल तर ते लिहायचे नाहीत. अंदाजे नोंद त्यांना चालत नव्हती. "आठवत नाही" असंही लिहायचे, आणि ते लिहिल्यावर त्या दिवशी पुढे जायचे नाहीत.

मग बिल्डिंग रिकामी झाली. आम्ही ठाण्याला गेलो, काकांना कांजूरमार्गला भाड्याचं घर मिळालं, चौदावा मजला. मी सामान लागल्यावर बघायला गेलो. लिफ्ट होती, पण तिचं दार आपोआप बंद होतं म्हणून काका तिच्यात एकटे जात नव्हते. डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास येतो म्हणून खिडक्या कायम बंद. खोली एवढीशी. सोफा मात्र आला होता, तो कसा वर चढवला ते देवाला माहीत.

टीव्ही बघून मी थबकलो. भिंतीवर पार उजव्या टोकाला ठोकला होता, अर्धा खिडकीच्या चौकटीवर गेलेला. आणि त्याच्या डावीकडे सगळी भिंत मोकळी. ना घड्याळ, ना कॅलेंडर, ना एखादा खिळा.

"काका, मिस्त्रीने घोळ घातला का? मधोमध नको होता?"

"नाही. तिथे जागा लागते."

मी सोफ्यात बसलो, गुडघे आपल्या जागी गेले. "बरं झालं आलात," ते म्हणाले. "विजापूर अडलाय. क्रमांक सातशे एकोणतीस. मी कॅमेऱ्यात बघत होतो. तुम्ही तिच्याकडे बघत होतात. साक्षीदार तुम्हीच."

पडद्यावर गोल घुमटाचा सज्जा आला, मोठा, गोल आणि रिकामा. काकांनी फूटपट्टी उचलली. पडद्यावर नाही, पडद्याच्या बाहेर, डावीकडच्या मोकळ्या भिंतीवर त्यांनी तिचं टोक हळूच टेकवलं, खांद्याच्या उंचीला.

"इथे. आता सांगा, काय करत होती?"

आयुष्यभर मी एकाचे चार करून सांगत आलो. त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच बाहेर काढताना घाम फुटला. म्हटलं, काका, हसत होत्या. पदर खांद्यावरून घसरला होता. पाटी वाकडी झाली होती. तुम्ही एकदा म्हणालात पाटी वर, पण घुमट जितक्यांदा म्हणाला तितक्यांदा त्यांनी ती वर केली. सज्जाला टेकून लहान मुलीसारख्या हसत होत्या.

ते लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले.

"किती वेळा?"

"सात," मी म्हटलं.

त्यांनी मागचं पान उलटलं, "प्रतिध्वनी साडेतीन" ही ओळ शोधली. तिच्यावर फूटपट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, सात. बाजूला सही केली, आणि रजिस्टर माझ्यापुढे धरून पेन माझ्या हातात दिलं, दुसऱ्या सहीसाठी.